आतून कडी

१

अंधारून यायच्या सुमारास आमच्या घरात दारं लावायचा कार्यक्रम असायचा. ताई पुढच्या खोलीत तिच्या खुर्चीत बसायची आणि एकेक ठिकाण पुकारायची. मी घरभर फिरत कड्या लावायचो आणि उत्तर द्यायचो. ती म्हणायची, बाल्कनी? मी म्हणायचो, लावली. मागचा जिना? लावला. पुढचं दार? लावलं. मग ती "ठीक" म्हणायची आणि रेडिओ सुरू करायची. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथे एखादं जहाज बंदरातून सोडतायत.

ताईची नजर काचबिंदूनं गेली आहे. उजेड आणि अंधार एवढंच तिला कळतं. त्याआधीची सगळी नोकरी तिनं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. समोरचा माणूस खोटं बोलतोय, की त्याला नुसती सर्दी झालीय, हे पहिल्या हॅलोतच ओळखता येतं असं ती म्हणायची. माझ्यापुरतं तरी ते कधी चुकलं नाही. आम्हा दोघांचीही लग्नं राहून गेली. कारणं वेगवेगळी, परिणाम एकच. मी पन्नाशी ओलांडली, ढेरी सुटली, तरी तिच्या लेखी मी छोट्याच राहिलो.

मी विमा कंपनीत आहे. कुणाच्या घरी चोरी झाली आणि त्यानं भरपाई मागितली की मी जाऊन घर पाहतो, कुलूप पाहतो, खिडक्या पाहतो आणि अहवाल लिहितो. दहातल्या नऊ घरांत चोराला फारसं काही करावंच लागत नाही. कुणीतरी खिडकी उघडी टाकलेली असते, नाहीतर किल्ली कुंडीखाली असते. माझं पोट लोकांच्या निष्काळजीपणावर भरतं, म्हणून मी स्वतः कधी निष्काळजी नव्हतो.

घर मूळचं एका बड्या कुटुंबाचं. पुढे वारसांचं आपसात पटलं नाही आणि कुणा बांधकामवाल्यानं त्याचे चार फ्लॅट पाडले. पाडले म्हणजे अक्षरशः कापले. आमच्या पुढच्या खोलीच्या छताला प्लास्टरचं मोठं फूल आहे, त्याच्या अर्ध्याच पाकळ्या आमच्याकडे, उरलेल्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याकडे. स्वयंपाकघर पूर्वी न्हाणीघर होतं, त्यामुळे सांडलेलं पाणी अजूनही आपणहून एका कोपऱ्यात जाऊन थांबतं. जुन्या घराचा पॅसेज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. आमच्या वाट्याला त्याचा निम्मा आला आणि मग एक कोरी भिंत. पॅसेजमध्ये चालताना पायांना वाटतं अजून पुढे जायचंय, आणि भिंत येते. पण भाडं परवडत होतं, आणि ताईला त्या घराची पावलं पाठ झाली होती. आंधळ्या माणसाला घर बदलणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच माहीत.

२

खालच्या मजल्यावर शिवणवाल्या काकू राहायच्या. त्यांच्याकडे भरदुपारी चोरी झाली. त्या आत पाठीमागच्या खोलीत मशीनवर बसल्या होत्या आणि पुढच्या खोलीतून दागिन्यांचा डबा, रेडिओ आणि त्यांच्या गेलेल्या यजमानांचं घड्याळ गेलं. दार फोडलेलं नव्हतं. मी कामाच्या सवयीनं कुलूप पाहिलं, चौकट पाहिली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. म्हातारीनं दार उघडं टाकलं असणार, असं मी जिना चढता चढता ठरवून टाकलं.

ताईनं मात्र ते जिवाला लावून घेतलं. त्या दिवसापासून ती खुर्ची भिंतीला टेकवून बसायला लागली. पॅसेजमधून एकटी जाईना, मला हाक मारायची आणि माझ्या डाव्या कोपराला धरून चालायची. रेडिओ बंद झाला, कारण रेडिओ चालू असला की बाकीचं ऐकू येत नाही. जेवताना मध्येच हात थांबवायची आणि मान जराशी कलती करायची. एकदा म्हणाली, "छोट्या, तुला आलेला दिसेल तरी. मला तो खोलीत आहे हेच कळायचं नाही." मला फार वाईट वाटलं. आयुष्यभर गावभरच्या लोकांना एकमेकांशी जोडून दिलेली बाई, आणि आता चमचा पडला तरी दचकत होती. मी मनाशी ठरवलं, काय वाटेल ते होवो, ताई या घरात पुन्हा निर्धास्त बसली पाहिजे. माझी तेवढी एकच इच्छा होती, आजही आहे.

मी कामाला लागलो. खिडक्यांना आणि बाल्कनीला लोखंडी ग्रिल बसवलं. मागच्या जिन्याच्या दाराला आतून आडवा अडसर घातला. पुढच्या दाराला वर एक, खाली एक अशा जाड कड्या, मध्ये साखळी आणि नवं कुलूप. कुलपवाला थट्टेखोर होता. दाराला बघायचं भोकही पाडून देऊ का, म्हणून त्यानं विचारलं आणि मग ताईकडे पाहून जीभ चावली. ताई हसली. त्या दिवसांत ती तेवढीच हसली.

कड्या आतून लागल्या की बाहेरून दार उघडायची सोय नव्हती. किल्ली असून उपयोग नव्हता, आणि तेच मला हवं होतं. किल्लीची नक्कल होते. ओळखपत्र दाखवून लोक आत शिरतात, ते ताईला दिसणार नाही. मग तिच्याकडे पक्कं असं काय उरलं? कान. मी नियम केला. माझा आवाज ऐकल्याशिवाय दार उघडायचं नाही. दूधवाला असो, मीटरवाला असो, पोलीस असो. तिलाही ते पटलं. ती म्हणाली की आवाजात तिला आजवर कुणी फसवलेलं नाही, आणि फसायला आता ती काही नवशिकी नाही.

३

पहिल्यांदा काय झालं ते इतकं क्षुल्लक होतं की सांगायला लाज वाटते.

संध्याकाळ होती. मागच्या दाराचा अडसर नवा असल्यामुळे खाचेत बसत नव्हता आणि मी तेलाचे हात घेऊन त्याच्याशी झटापट करत होतो. पुढच्या खोलीतून ताईनं पुकारलं, बाल्कनी? बाल्कनीपर्यंत मी अजून पोचलोच नव्हतो. म्हटलं हे संपवतो आणि मग ओरडतो. तेवढ्यात तिचं पुढचं आलं, मागचा जिना? आणि मग जरा थांबून, पुढचं दार? आणि ठीक.

मी हात पुसत बाहेर आलो आणि जरा चिडूनच विचारलं, की मी बोललो नाही तर ठीक कसं म्हणालीस. तिनं चेहरा माझ्याकडे केला. म्हणाली, "बोललास की. सगळ्याला लावलं म्हणालास. शेवटी पॅसेजसुद्धा लावला म्हणालास. पॅसेजला काय लावणार, म्हणून मला हसूच आलं."

बाल्कनीचं दार उघडं होतं. पडदा आत येत होता.

मी ते लावलं आणि ताईला काही बोललो नाही. डोकं चालवणं हा माझा धंदा आहे, म्हणून चालवलं. कापलेलं घर आहे, आवाज कुठून कुठे जातो याचा पत्ता नसतो. भिंतीपलीकडे एक घड्याळ दुरुस्त करणारा राहायचा, तो बोलला असेल. नाहीतर सवयीनं तिला न आलेलं उत्तर ऐकू आलं असेल, रोजचं पाठ असलं की तसं होतं. मला स्वतःला घरी असताना ऑफिसचा फोन वाजल्याचा भास होतो. ही सगळी कारणं चांगली होती. दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्याचं दार वाजवायला गेलो तेव्हा कळलं, तो लेकीकडे गेलाय आणि फ्लॅट बरेच दिवस बंद आहे. तरी दोन कारणं उरली होती. मी त्यांच्यावर भागवलं.

पुढचे काही दिवस मी मुद्दाम मोठ्यानं, तोडून उत्तरं द्यायला लागलो. ताई एकदा म्हणाली, आज इतका वैतागलायस का, काल किती छान बोलत होतास. काल मी घसा बसला म्हणून जवळजवळ काहीच बोललो नव्हतो.

४

शिवणवाल्या काकूंनी घर सोडलं. त्यांचं सामान खाली टेम्पोत चढत होतं आणि त्या जिन्याच्या पायरीवर मशीनचं झाकण मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी सहज म्हणून शेजारी बसलो. काही लागलं सवरलं तर कळवा, असं जे बोलायचं असतं ते बोललो. मग न राहवून विचारलं, की त्या दिवशी पुढचं दार लावायचं राहिलं होतं का.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पोलिसांनी, मुलानं, विमावाल्यानं, सगळ्यांनी त्यांना हेच विचारलेलं असणार.

"लावलं होतं. मी मशीनवरून विचारलं पण होतं, दार लावलंय ना? आणि हो म्हणून उत्तर आलं."

कोण म्हणालं, असं मी विचारलं.

"आमचे हे म्हणाले." त्या झाकणावरून हात फिरवत राहिल्या. "ते नाहीत, मला माहितीय. पण चाळीस वर्षं विचारतेय. त्या दिवशी पण विचारलं गेलं. उत्तर आल्यावर बरं वाटलं हो. म्हणून उठून बघितलं नाही."

टेम्पोवाल्यानं हाक मारली आणि त्या गेल्या. मी वर आलो. ताई खुर्चीत नव्हती. ती पॅसेजच्या तोंडाशी उभी होती, एकटी, भिंतीला हात लावून. मी विचारलं काय करतेस, तर म्हणाली, तूच तर बोलावलंस.

५

मी पुकारा बंद केला. यापुढे मी गुपचूप सगळं लावीन, मग येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवीन, म्हणजे झालं असं समजायचं. तिला ते अजिबात आवडलं नाही. आधीच दिसत नाही, आता ऐकायचंही नाही का, म्हणाली. मी खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती पुन्हा भिंतीला खुर्ची लावून बसली असती, आणि इतक्यात कुठे तिनं ती जराशी पुढे घेतली होती. रेडिओसुद्धा लावायला लागली होती. तिच्या बऱ्या होण्याचं श्रेय मी माझ्या कड्यांना देत होतो.

रविवारी सकाळी मी पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. ताई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती आणि बोलत होती. तिला एकटीनं बडबडायची सवय आहे, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग ती हसली. कुणी काही म्हटल्यावर माणूस हसतो तशी हसली. आणि मला दुसरा आवाज ऐकू आला.

तो माझा होता. टेपवर आपला आवाज ऐकला की परका वाटतो, तसा नाही. मला आतून ऐकू येतो तसाच. मी वाक्याआधी घसा खाकरतो, तेही होतं त्यात. शब्द कळत नव्हते, फक्त सूर कळत होता, आणि तो सूर मायेचा होता. वडील गेल्यानंतर पहिल्या वर्षात मी ताईशी असा बोलत असेन. नंतर कामाचा ताण, डोळ्यांचे डॉक्टर, औषधं, यात कधी थांबलं ते कळलं नाही. आवाज स्वयंपाकघरातून येत नव्हता. पॅसेजमधून येत होता, भिंतीच्या बाजूनं.

मी उठलो. खुर्ची करकरली आणि आवाज थांबला. पॅसेज रिकामा होता. कोऱ्या भिंतीला मी हात लावून पाहिला, ठोकून पाहिलं, भरीव होती. मागे वळलो तर ताई स्वयंपाकघराच्या दारात भाजीची ताटली घेऊन उभी होती. म्हणाली, पुढे जाऊन बसलास वाटलं, परत इकडे कसा आलास.

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मग तिनं हात पुढे केला, माझा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, गाल, आणि विचारलं, "मग आत्ता सांगतोय तो तूच ना?"

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

६

घर सोडायचं ठरलं. मी एका नव्या इमारतीत दोन खोल्या पाहिल्या. तिथे छत पूर्ण होतं आणि पॅसेज नव्हताच. ताई रडली, पावलं पुन्हा मोजावी लागणार म्हणून, पण तयार झाली. करारावर सही करायला मला एक दुपार जावं लागणार होतं आणि तेवढा वेळ ती एकटी राहणार होती. तिला बरोबर नेलं असतं तर? आता हे म्हणणं सोपं आहे. त्या आठवड्यात तिला ताप होता आणि बाहेर वारा सुटला होता.

म्हणून मी एक शब्द ठरवला. आता नुसता आवाज पुरेसा नव्हता. परत आल्यावर ती साखळी लावूनच दार उघडेल, शब्द विचारेल, आणि मी तो बरोबर सांगितला तरच साखळी काढेल. शब्द तोंडानं उच्चारायचा नाही एवढी अक्कल मला होती. मी तिचा तळहात उघडला आणि बोटानं एकेक अक्षर काढलं. सुतळी. आमच्याशी काही संबंध नसलेला शब्द, कुणाला सुचणार नाही असा. दोनदा काढला. तिच्या चेहऱ्यावर कळल्याचं दिसलं.

आणि ती मोठ्यानं, स्वच्छ म्हणाली, "सुतळी. बरोबर?"

एक्सचेंजमधली सवय. मिळालेला निरोप परत म्हणून दाखवल्याशिवाय खात्री होत नाही, तीस वर्षं तिनं तेच केलं. तिनं लगेच तोंडावर हात ठेवला. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं दुसरा शब्द ठरवू. मग खाली रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला, आणि मला वाटलं, भरदुपारी, तासाभराचा प्रश्न आहे. मी निघालो. माझ्यामागे तिनं वरची कडी लावली, खालची लावली, साखळी लावली. जिन्यात उभा राहून मी तिन्ही आवाज ऐकले तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

७

नव्या घराची किल्ली खिशात घेऊन मी परत आलो तेव्हा जिन्याच्या खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. दार वाजवलं. म्हटलं, ताई, मी आलोय.

तिची पावलं आली. सावकाश, पण अडखळत नव्हती. कड्या निघाल्या आणि साखळीपुरतं दार उघडलं. फटीतून तिचा अर्धा चेहरा दिसत होता. मला वाटलं, ताप उतरलेला दिसतोय.

तिनं शब्द विचारला. मी सांगितला.

साखळी तिनं काढली नाही. मग आमच्या ऑफिसात चुकून आलेल्या माणसाशी बोलावं तशा सभ्य आवाजात म्हणाली, "तो म्हणालाच होता, तुम्हाला शब्द माहीत असेल म्हणून."

मी म्हटलं, ताई, मी छोट्या. माझा चेहरा बघ, हात लाव. मी फटीतून हात आत घातला. तिनं तो धरला नाही. ती जराशी मागे सरकली, आणि तेव्हा मला दिसलं की तिचा दुसरा हात मोकळा नव्हता. तो एका कोपराला धरून होता. डाव्या. पॅसेजमधून चालताना धरायची तसाच, अंगठा आतल्या बाजूला. शर्टाची बाही मी दुमडतो तशी दोनदा दुमडलेली होती. बाहीच्या वर काय होतं ते दाराच्या फळीआड होतं, आणि मी फार वाकलो नाही. वाकायला हवं होतं, पण माझ्यानं झालं नाही.

मी बरंच काही बोललो. आईचं नाव घेतलं, वडिलांच्या शेवटच्या दिवसांतलं सांगितलं, जे आम्हा दोघांनाच माहीत. प्रत्येक गोष्टीवर तिची मान किंचित कलती व्हायची, दाराच्या आतल्या बाजूला, तिकडून दुजोरा घ्यावा तशी. माझा आवाज चिरकत होता. तिच्या कानाला तो आवाज कसा लागत असेल ते मला कळत होतं.

"माझा भाऊ घरीच आहे," ती म्हणाली. "तुम्ही आता जा. परत येऊ नका."

मी हात काढून घेतला, कारण ती दार लोटत होती आणि तिला इजा व्हायला नको होती. दार बंद झालं. वरची कडी लागली, मग खालची. मी धावत मागच्या जिन्यानं वर गेलो, अडसर घातलेला होता. ग्रिलला लोंबकळून पाहिलं. मीच चांगल्यापैकी जाड गज निवडले होते. कुलपवाल्याला फोन केला, तो म्हणाला माणसं आणि कटर घेऊन यायला संध्याकाळ होईल.

मी पुन्हा पुढच्या दाराशी येऊन फळीला कान लावला. आत रेडिओ लागला होता. रेडिओच्या आवाजातही ती बोलत असल्याचं ऐकू येत होतं, शब्द नाहीत, फक्त सूर. मी तो किती दिवसांत ऐकला नव्हता. त्यात भीतीचा लवलेश नव्हता.